गुडघा दुखतोय? आधी सायकलची सीट बघा

"गुडघे दुखतायत ना? मग सायकल बंद करा." हे वाक्य तुम्ही कुणाकडून तरी ऐकले असेलच. शेजाऱ्यांकडून, सासूबाईंकडून, जिममधल्या मुलाकडून आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही. माझे मत नेमके उलटे आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. सायकल चालवणाऱ्या माणसाचा पाय दुखू लागला, तर पहिला संशय सायकलच्या मापावर घ्यावा. सायकल बंद करायला सांगणे हा सगळ्यात सोपा सल्ला आहे. रुग्णाला मात्र तो बरेचदा सगळ्यात महाग पडतो.

महाग कसा, ते सांगतो. खडकीसारख्या भागात डॉक्टरकडे दोन तऱ्हेचे सायकलवाले येतात. एक रविवारचा. हेल्मेट, चड्डी, गिअरची सायकल, मोबाइलवर किलोमीटरचा हिशोब. त्याला सायकल बंद करायला सांगितली तर तो हिरमुसतो, पण दुसरा व्यायाम शोधतो. दुसरा रोजचा. बोपोडीहून औंधला ड्युटीवर जाणारा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा, रेंजहिल्सच्या बंगल्यात माळीकाम करणारा, क्वार्टरमध्ये राहणारा निवृत्त कामगार, ज्याची शुगर निव्वळ सायकलमुळे ताब्यात आहे. या दुसऱ्या माणसाला "सायकल सोडा" म्हणणे म्हणजे रोजचे रिक्षाभाडे त्याच्या गळ्यात घालणे, नाहीतर त्याचा एकुलता एक व्यायाम काढून घेणे. मग वजन वाढते, शुगर वाढते, आणि वजन वाढले की तोच गुडघा आणखी दुखतो. ज्यासाठी सायकल सोडली, ते दुखणे राहतेच.

म्हणून हा लेख. यातले बरेचसे काम तुम्ही घरी, एक पाना आणि एक टेप घेऊन करू शकता. कुठे थांबायचे आणि डॉक्टरकडे कधी यायचे, तेही पुढे सांगितले आहे.

"पूर्वी कुठे होते हे फिटिंगबिटिंग?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची. फॅक्टरीचा भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, हे खडकीतल्या कुठल्याही जुन्या घरात ऐकायला मिळते. पुण्याला सायकलींचे शहर म्हणायचे ते उगाच नाही. त्या काळात कुणी मापे घेत बसले नव्हते. काळी चोवीस इंची सायकल, मागे कॅरियरला डबा, आणि तीस-तीस वर्षे नोकरी. मग आताच काय झाले?

तीन गोष्टी झाल्या. पहिली, तो माणूस लहानपणी हाफ पायडल मारत शिकला आणि पुढे रोज थोडी-थोडी सायकल चालवत राहिला. त्याच्या स्नायूंना आणि कंडरांना सवय व्हायला वर्षे मिळाली. आज आपण चाळिशीत सायकल घेतो आणि तिसऱ्या रविवारी लोणावळ्याला निघतो. दुसरी, त्याचे पायडल साधे, रबरी ठोकळ्यांचे होते. पाऊल त्यावर हवे तसे सरकायचे, आपली जागा आपण शोधायचे. आज बुटाखाली क्लीट लावून पाऊल पायडलला अडकवले की ते जसे अडकवाल तसेच राहते. चुकीचे अडकवले तर हजारो वेळा चुकीचेच फिरते. तिसरी, आपल्याला फक्त न दुखलेले आजोबा आठवतात. ज्यांचे दुखले त्यांनी राईचे तेल चोळले आणि गप्प बसले. त्यांची कुठे नोंद नाही.

आणि असे समजू नका की हे नवशिक्यांचेच दुखणे आहे. फ्रान्सचा बर्नार्ड इनो हा सायकल शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत कणखर मानला गेलेला खेळाडू. १९८० च्या टूर द फ्रान्समध्ये सर्वांत पुढे असताना, पिवळी जर्सी अंगात असताना, त्याला गुडघ्याच्या कंडरेच्या दुखण्याने शर्यत सोडावी लागली. १९८३ ची शर्यतही गुडघ्यामुळेच हुकली. पण १९८५ मध्ये त्याने ती पाचव्यांदा जिंकली. बेल्जियमचा एडी मर्क्स १९६९ मध्ये एका अपघातात पडला, कंबरेला मार बसला, आणि त्यानंतर तो सीट वर-खाली करण्याबद्दल इतका काटेकोर झाला की चालू शर्यतीत पाना काढून सीट बदलायचा. या दोघांनी सायकल सोडली नाही. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांचे घ्या. २०१५ मध्ये त्यांनी दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत पुरी केली. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळणारी माणसेही गुडघे शाबूत ठेवून केवढी सायकल चालवू शकतात, ते यावरून दिसते.

सायकल सरळ, माणूस वाकडा

आता यामागचे साधे गणित बघा. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरले, तर तासाला एकेका गुडघ्याची ४,८०० वेळा घडी होते. चालताना रस्ता बदलतो, पाऊल थोडे इकडे-तिकडे पडते. सायकलवर तसे होत नाही. क्रँकची लांबी ठरलेली, सीटची उंची ठरलेली, पायडलची जागा ठरलेली. त्यामुळे दर वेळी तोच कोन, तोच दाब. माप बरोबर असेल तर गुडघ्याला याच्याइतका सौम्य व्यायाम दुसरा नाही, कारण शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते. माप चुकले तर तीच छोटी चूक तासाला ४,८०० वेळा होते.

शिवाय सायकल डावी-उजवी अगदी सारखी असते. माणूस तसा नसतो. अनेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा काही मिलिमीटर आखूड असतो. कुणाचा तळपाय सपाट असतो, कुणाची कमान खूप उंच. कुणी बाहेरच्या बाजूला पावले टाकत चालतो. हे आजार नाहीत. रोजच्या चालण्यात शरीर ते सांभाळून घेते. सायकलवर मात्र सांभाळून घ्यायला जागा कमी असते आणि मग दुखायला लागते. बहुतेकदा गुडघाच दुखतो, कारण तो कंबर आणि घोटा या दोघांच्या मधे अडकलेला आहे. वरचे चुकले तरी तोच सोसतो, खालचे चुकले तरी तोच.

पहिला आरोपी: सीटची उंची

खडकी बाजारात पाच मिनिटे उभे राहा आणि जाणाऱ्या सायकली बघा. दहातल्या बऱ्याच सायकलींची सीट खाली असलेली दिसेल. गुडघे पार हँडलकडे येतात, माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसलेला असतो. कारण विचारले तर उत्तर एकच: "सिग्नलला पाय टेकायला हवेत ना!"

हाच गैरसमज आधी काढून टाका. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत असतील, तर सीट खाली आहे. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरायचे आणि एक पाय टेकायचा. एवढी सवय दोन दिवसांत लागते. खाली सीट ठेवून पायडल मारले की गुडघा फार दुमडलेल्या अवस्थेत जोर लावतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. जिने उतरताना, उकिडवे बसताना जी पुढची दुखरी जागा जाणवते, तीच ही जागा.

सीट कशी लावायची? भिंतीला हात टेकून किंवा कुणाला तरी सायकल धरायला सांगून, नेहमीचे बूट घालून सीटवर सरळ बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. या वेळी गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहील. साधारण २५ ते ३५ अंशांचा हा बाक, आणि तोच हवा असतो.

आकड्यात हवे असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे जांघेपर्यंत वर धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँक जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर साधारण तेवढे असावे. माप ८० सेंटीमीटर आले तर सीट सुमारे साडेसत्तर सेंटीमीटरवर. हा आकडा सुरुवात करण्यापुरता आहे. शेवटचा निकाल तुमच्या गुडघ्याचा.

दोन सूचना. सीट खूप खाली असेल तर एकदम तीन इंच वर करू नका. दर वेळी अर्धा सेंटीमीटर, मग दोन-तीन दिवस चालवा, मग पुढचा अर्धा. बदल करण्याआधी सीटच्या नळीवर चिकटपट्टी लावून जुनी खूण ठेवा. आणि सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर नळी काढू नका. नळी तुटली तर गुडघ्याचे सोडून दुसरेच काहीतरी घेऊन दवाखान्यात यावे लागेल.

सीट जास्त वर असली तरी दुखते, फक्त दुखायची जागा बदलते. पाय पोचत नाही म्हणून कंबर डावी-उजवीकडे हलते, टाच वर उचलून पायाच्या बोटांनी पायडल ढकलले जाते. मग गुडघ्याच्या मागे, पोटरीत आणि टाचेमागच्या जाड कंडरेत दुखते.

उंची जमली की सीट पुढे-मागे बघा. क्रँक आडवा धरा, म्हणजे दोन्ही पायडल जमिनीपासून सारख्या उंचीवर. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्यासारखा ओळंबा सोडा. दोऱ्याला नट बांधला तरी चालेल. तो पायडलच्या दांड्याच्या आसपास पडावा. फार पुढे पडत असेल तर सीट मागे सरकवा. सीटची पाठ जमिनीला समांतर ठेवा. टोक वर असेल तर जांघेत बधिरपणा येतो. टोक खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो.

दुसरा आरोपी: पाऊल

पायडलवर पाऊल कुठे ठेवता, हे आठवून सांगा बरे. बहुतेकांना सांगता येत नाही. अनेक जण पायाच्या मधोमध, म्हणजे कमानीवर, पायडल ठेवतात. त्यात घोटा आणि पोटरी जवळजवळ सुट्टीवर जातात आणि मांडीला एकटीला राबावे लागते. चवड्याचा रुंद भाग पायडलच्या दांड्यावर यावा. अगदी बोटांवर आला तर टाचेमागच्या कंडरेवर ताण. त्यापेक्षा किंचित मागे आलेला परवडला.

आता कुणाला तरी समोरून तुमचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. गुडघा उखळातल्या मुसळासारखा सरळ वर-खाली व्हायला हवा. खाली जाताना तो सायकलच्या दांडीकडे आत झुकत असेल, तर बऱ्याचदा तळपायाची कमान दाबाखाली बसते आणि त्यासोबत गुडघा आत ओढला जातो. अशा लोकांना गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा वाटीभोवती दुखते. बुटात कमानीला आधार देणारा साधा तयार इनसोल घालून बघा. प्रत्येक सपाट पायाला इनसोल लागतोच असे नाही. दुखत नसेल तर सपाट पाय तसाच राहू द्या.

क्लीटचे बूट वापरत असाल तर एक साधी चाचणी करा. उंच टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे लोंबकळू द्या आणि पावले नैसर्गिकपणे कुठे वळतात ते बघा. पावले थोडी बाहेर वळत असतील तर क्लीटही थोडी तशीच लावा. निसर्गाने बाहेर वळवलेले पाऊल तुम्ही क्लीटने सरळ केलेत, तर त्याची किंमत गुडघा मोजेल. आणि माझे स्पष्ट मत विचाराल तर, सायकल नवी असेल तोवर निदान पहिले वर्षभर साधी पायडलच बरी.

तळपायाची जळजळ आणि बोटे बधिर होणे ही दुसरी नेहमीची तक्रार. उन्हात आणि लांब अंतरावर पाय थोडे सुजतात, बूट तेवढाच राहतो. नाडी सैल करा, पंजा रुंद असलेले बूट घ्या. तळ फार मऊ असेल, विशेषतः पातळ कॅनव्हासचा किंवा चपलेचा, तर पायडलचा सगळा दाब एकाच ठिकाणी रुततो. कडक तळाचा बूट त्याला उपाय. मधुमेह असलेल्यांनी मात्र चपलेवर सायकल चालवूच नये. घरी आल्यावर मोजे काढून तळपाय आणि बोटांच्या मधल्या जागा रोज बघा. तुमच्या पायाला संवेदना कमी असेल तर फोड आल्याचे कळणारही नाही.

कुठे दुखते, त्यावरून काय बघायचे

हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. पण सुरुवात करायला उपयोगी पडतो.

गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती: सीट खाली किंवा फार पुढे आहे, किंवा जड गिअरवर जोर लावला जातोय.

गुडघ्याच्या मागे: सीट फार वर किंवा फार मागे आहे.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला: सीट वर आहे, किंवा क्लीटमुळे पाऊल आत वळलेले आहे.

गुडघ्याच्या आत: पाऊल फार बाहेर वळलेले आहे, किंवा कमान बसते आहे.

टाचेमागे आणि पोटरीत: सीट वर आहे, किंवा पायडल बोटांवर येतेय.

एकाच बाजूला, सगळे करूनही: दोन पायांच्या लांबीत फरक असू शकतो. तो मोजून घ्यावा.

एक नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा. सीट, हँडल, बूट आणि क्लीट एकाच रविवारी बदलले, तर बरे कशाने वाटले किंवा बिघडले कशामुळे, ते कधीच कळणार नाही.

माप बरोबर, तरी दुखते?

मग भार बघा. होळकर पुलाकडून निघून गणेशखिंड रस्त्याने चतुःशृंगीपर्यंत जायचे, तर चढ लागतोच. अनेक जण तो चढ जड गिअरवर, दात-ओठ खात चढतात. त्यांना वाटते, असे केल्याने पाय मजबूत होतात. गुडघ्याला तसे वाटत नाही. चढ लागण्याआधीच गिअर हलका करा आणि पाय भराभर फिरू द्या. मोजायचे सोपे आहे. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. सपाट रस्त्यावर गिअरच्या सायकलवर हा आकडा ७५ ते ८५ असावा. ५० असेल तर गिअर जड आहे. बिनगिअरची सायकल असेल आणि चढ मोठा असेल, तर उतरून सायकल हातात धरून चाला. त्यात कसला आलाय कमीपणा? आपले आजोबाही तेच करत.

अंतर एकदम वाढवू नका. या आठवड्यात ३० किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात ३३-३५. ग्रुपने सिंहगडाचा पायथा ठरवला म्हणून तुमच्या कंडरा एका रात्रीत तयार होत नाहीत. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरांना महिने लागतात. दम पुरतो आणि गुडघा बोलतो, त्याचे कारण हेच. सोबत मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोनदा केलेत तर गुडघ्याला मदत होते.

आणि एक सवय कृपया सोडा. लांब राइडला निघताना "दुखायला नको" म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन निघणे. घाम येऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशी गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. शिवाय दुखणे ही सूचना असते. सूचनाच बंद केली तर चूक कळणार कशी?

दुकानदार, पालक आणि आम्ही डॉक्टर

आता थोडे कडक बोलतो.

सायकलच्या दुकानात तुम्हाला रंग दाखवतात, गिअर मोजून दाखवतात, डिस्क ब्रेक दाखवतात. शिंपी सदरा शिवताना जेवढी मापे घेतो, त्याच्या निम्मीही मापे वीस हजारांची सायकल विकताना घेतली जात नाहीत. सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्याला सीटवर बसवून उंची लावून देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते दुकानदाराने न मागता करावे आणि तुम्ही मागून घ्यावे. २०१७-१८ च्या सुमारास पुण्यात भाड्याच्या रंगीत सायकली जागोजागी आल्या होत्या. सीट वर-खाली करायची सोय त्यांनाही होती. पण आधीच्या माणसाने जिथे ठेवली तिथेच ठेवून पुढचा निघायचा. सोय असणे आणि ती वापरायची असते हे माहीत असणे, यात फरक आहे.

पालकांनाही सांगतो. मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घेतो, ते ठीक. सायकल वाढत्या अंगाची घेऊ नका. मूल दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहू शकत नसेल, तर ती सायकल त्याची नाही. पाय पोचावा म्हणून ते कंबर डोलवत पायडल मारते आणि ब्रेक लावताना पडते. शेजारच्या मोठ्या मुलाची जुनी, पण मापाची सायकल नव्या मोठ्या सायकलीपेक्षा चांगली.

बुटक्या अंगकाठीच्या स्त्रियांची अडचण वेगळी. बाजारातल्या बहुतेक मोठ्या सायकलींचा क्रँक १७० मिलिमीटरचा असतो. पाच फुटांच्या बाईला तो लांब पडतो. सीट बरोबर लावली तरी वरच्या टप्प्यात गुडघा जास्त दुमडतो. आखूड क्रँक मिळतात, बदलूनही मिळतात. "मला जमतच नाही" असे म्हणण्याआधी हे विचारा.

आणि आम्ही डॉक्टर. माझ्या मते, सायकल चालवणाऱ्या रुग्णाचा गुडघा तपासताना "सायकल घेऊन या" असे म्हणायला हवे. निदान सायकलवर बसलेला एक फोटो तरी मागावा. तपासणीत धोक्याचे काही नसेल तर लगेच एमआरआयची घाई नको. पन्नाशीपुढच्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येही गुडघ्याची गादी फाटल्याचे दिसू शकते. तो रिपोर्ट हातात आला की माणूस घाबरतो, सायकल सोडतो, आणि मूळ दोष सीटच्या नळीतच राहतो. गुडघ्याच्या संधिवातातही व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. हलक्या गिअरवर, योग्य मापाच्या सायकलवर रोज वीस-तीस मिनिटे चालवणे हे त्यातल्या बहुतेकांना मानवते.

यावर कुणी म्हणेल, की मग सगळ्यांनी हजारो रुपये देऊन संगणकावरचे बाइक फिटिंग करून घ्यावे का? नाही. आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवणारे, क्लीट वापरणारे, गुडघ्याचे किंवा कंबरेचे ऑपरेशन झालेले, किंवा वरचे सगळे करूनही सहा आठवड्यांत फरक न पडलेले, यांनी जरूर जावे. चांगला फिटर आणि चांगला फिजिओथेरपिस्ट बरोबर असतील तर पैसे वसूल होतात. पण बोपोडीच्या त्या वॉचमनला एवढ्याची गरज नाही. त्याची सीट गंजून जाम झालेली असते. तिला थोडे तेल, एक पाना आणि "दादा, दोन बोटे वर घ्या" असे सांगणारा कुणीतरी हवा असतो. मापाचे ज्ञान महागड्या सायकलींपुरते राहिले, ते ज्याला सर्वांत जास्त हवे त्याच्यापर्यंत पोचलेच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

सायकल बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी यायचे

सगळेच पायदुखणे सीटमुळे नसते. पुढच्यापैकी काही असेल तर पाना खाली ठेवा आणि तपासून घ्या.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते. रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा, चोळू नका. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट हॉस्पिटल.

ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते आणि थांबले की पाच मिनिटांत मोकळी होते. विशेषतः तंबाखू-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा.

गुडघा अडकतो, दगा देतो, किंवा पडल्यानंतर काही तासांत फुगतो.

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप.

कंबरेतून पायात कळ जाते आणि पाऊल उचलायला जोर लागत नाही. त्यात लघवी-संडासचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर तातडीने.

विश्रांतीतही, रात्रीही दुखते आणि हळूहळू वाढते.

खूप श्रमांनंतर स्नायू प्रचंड दुखतात आणि लघवी काळपट चहासारखी होते. हीसुद्धा तातडीची गोष्ट.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर दोन्ही मांड्या दुखू लागल्या असतील तर तेही सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

हे सोडून जे उरते ते बरेचसे मापाचे, भाराचे आणि सवयीचे असते. ते आपल्या हातातले आहे.

सायकल हे एकच वाहन असे आहे, ज्याचे इंजिन तुम्ही स्वतः आहात. गाडीचे इंजिन आवाज करू लागले तर आपण गाडी भंगारात काढत नाही, आधी नटबोल्ट बघतो. तेवढाच न्याय स्वतःच्या गुडघ्याला द्या. घरात गॅलरीत धूळ खात पडलेली सायकल असेल, तर आज संध्याकाळी बाहेर काढा, हवा भरा, सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून बघा. गुडघा अजून वाकलेला असेल, तर तुमच्या दुखण्याचे कारण कदाचित तुम्हाला तिथेच, उभ्या जागी सापडेल.